सोलर की सोयर?

पिंपळगाव बसवंतला माझ्या खोक्यांच्या कारखान्याला लागून अण्णांचं कोल्ड स्टोरेज आहे. रोज सकाळी अण्णा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून छतावर चढतात आणि सोलर पॅनेलना आंघोळ घालतात. ‘धुतात’ म्हटलेलं त्यांना चालत नाही. पंधरा दिवसांतून एकदा पुरे, असं बसवणारा इंजिनिअर म्हणाला होता. “तुम्ही पंधरा दिवसांनी करता का आंघोळ?” अण्णांनी विचारलं.

डिझेलचा जनरेटर विकल्यापासून त्यांचं एकच पालुपद: “धूर नाय, आवाज नाय. बोला.”

सोलरच्या उद्‌घाटनाला पाहुणे शाश्वत विकासावर बोलत होते आणि त्यांचा माईक चालला होता मांडववाल्याच्या डिझेल जनरेटरवर. अण्णांनी जाऊन तो बंद केला. वायर सोलरला जोडेपर्यंत पाहुण्यांचा धागा तुटला तो तुटलाच. हरित तंत्रज्ञानाचा पहिला फायदा श्रोत्यांना जागीच पटला.

त्याच संध्याकाळी अण्णांनी आईच्या कानाशी ओरडून सांगितलं, आपल्याकडं सोलर आलं. म्हातारीने ऐकलं, सोयर आलं. घरात मूल जन्मलं! वहिनी पन्नाशीच्या, पण हा हिशेब तिने केलाच नाही. देवापुढचा दिवा बंद केला आणि अण्णांच्या लग्नापासून पेटीत जपलेली जुन्या लुगड्यांची दुपटी बाहेर काढली.

सकाळी हे ऐकून कोल्ड स्टोरेजमधल्या पॅकिंगच्या बाया हसून हसून दमल्या. अण्णा मात्र माझ्याकडे येऊन खोक्यांवर बसले.

“खरं सांगितलं तर दुपटी परत पेटीत जातील,” म्हणाले.

दोघांना मूल नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णांच्या तोंडून मी ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, तेही असं.

सांगून टाका, असं वहिनींनीच ठरवलं. दुसऱ्या दिवशी आईला टेम्पोत पुढे बसवून कोल्ड स्टोरेजवर आणलं. मांडीवर एक दुपटं होतंच. अण्णांनी छताकडे बोट दाखवून सगळं मोठ्याने सांगितलं. बायांचे हात थांबले. म्हातारी कपाळावर आडवा हात धरून बराच वेळ वर बघत राहिली.

“रडत नाय?”

“आवाजच नाय, आई.”

“आन् रातचं?”

“रातचं झोपतं.”

“मग गुणाचं हाय,” ती वहिनींना म्हणाली. “ह्यानं लय जागवलं मला.” आणि मांडीवरचं दुपटं पुढे केलं.

वहिनींनी ते दोन्ही हातांनी घेतलं.