आप्पांच्या वावरातलं भात

सखाराम आप्पांच्या वावरात भाताची लग्नं लागत, आणि लग्न चालू असताना बांधावर कुणी खोकलेलंही त्यांना खपत नसे. "थांबा गुरुजी," हात वर करून ते मला म्हणत, "नवरी उघडी हाय." पहाटे चिमट्यानं एका लोंबीच्या फुलांतले पुंकेसर काढायचे, ऊन चढलं की दुसऱ्या लोंबीचे पराग तिच्यावर झटकायचे, आणि वर कागदाची टोपी घालायची. टोप्यांसाठी ते आमच्या शाळेतून जुन्या उत्तरपत्रिका नेत. गणिताच्या मिळाल्या तर जास्त खूश. बऱ्याचशा कोऱ्याच असत.

वडगाव रासाई भीमेच्या काठावर असलं तरी खाणं बाजरी-ज्वारीचं. भात सणाला. आप्पा तरुणपणी मावळात एका भात संशोधन केंद्रावर मजूर होते. साहेबांच्या हाताखाली ही विद्या उचलली आणि तिथलीच बायको करून आणली, सोनाबाई. मग नदीकडच्या खोलगट तुकड्यात मावळचा आंबेमोहोर आणि कोकणातल्या माळावरचं रांगडं भात यांचा संकर सुरू झाला. खताशिवाय, थोड्या पाण्यावर येणारं भात त्यांना हवं होतं. कुणी युरियाचं नाव काढलं की म्हणत, "लाडावतंय त्यानं. गरिबाघरी नांदायचंय त्याला."

लुळं रोप निघालं तर उपटून टाकत, पण त्या दिवशी जेवताना गप्प असत.

अशी सात-आठ वर्षं गेली. चांगल्या लोंब्या निवडायच्या, पुन्हा त्याच पेरायच्या. एक दाणा कधी शिजवला नाही. सोनाबाई भाकरी थापता थापता मला म्हणायच्या, "भात हाय की घरात, गुरुजी. बघायपुरता."

बहात्तरला पाऊस फिरकला नाही. बाजरी करपली. आप्पांच्या तुकड्यात मात्र एका ओळीनं दाणा धरला. शेर-सव्वाशेर बी निघालं, ते त्यांनी राख घालून गाडग्यात ठेवलं. मी तालुक्याच्या शेती अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं.

अधिकारी साहेब जीपनं आले ते उन्हाळ्यात. "बी दाखवा," म्हणाले.

"न्हाई उरलं," आप्पा खाली बघत म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि अर्धा चहा ठेवून निघून गेले. मी चिडलो. "आप्पा, आठ वर्षांची मेहनत. बी गेलं कुठं?"

सोनाबाईंना जाऊन तेव्हा महिना झाला होता. आजारपणात त्यांच्या पोटात काही ठरत नव्हतं. रेशनला मायलो यायचा, परदेशातली तांबडी ज्वारी; ती त्यांना गिळवत नसे. एवढं मला ठाऊक होतं.

"भात मागितला तिनं," आप्पा म्हणाले. "दुकानात न्हवता. मंग गाडग्यातलं कांडलं आन् पेज केली."

"सगळं?"

"निम्मं ठेवणार हुतो. पर जेवाय लागली वो ती."

"त्यांना कळलं?"

"कुठनं आणलात, म्हणाली. म्हणलं, रेशनला आलाय."

आप्पा पुढं म्हणाले, "मऊ हाय म्हणाली. शेवटच्या दिशी वाटीत दोन घास ऱ्हायले, ते मी खाल्ले. खरंच मऊ हुतं, गुरुजी."