कावळा सगळंच खातो

एकदा सकाळी मी हातपाय धुऊन पाटावर बसलो आणि बसूनच राहिलो. समोर वाढलेलं ताट, पोटात भूक, आणि मी वाट बघतोय गिरणीच्या भोंग्याची. आमच्या सोलापुरात घड्याळं भिंतीच्या शोभेला. उठणं, जेवणं, कचेरीला निघणं सगळं भोंग्यावर. त्या दिवशी गिरणीत काही बिघडलं होतं म्हणे. भोंगा झालाच नाही. आमटी गार झाली, कचेरीची वेळ टळली, तरी मी आपला "अजून अवकाश आहे" म्हणत बसलेलो.

तेवढ्यात परसातल्या भिंतीवरून एक पटका वर आला.

"कारकूनसाहेब, भूक तुमच्या पोटात लागतीया का गिरणीच्या धुराड्यात?"

हे आमचे शेजारी नागूअण्णा. जन्मभर गिरणीत मागांवर जॉबर, म्हणजे मुकादम होते, आता घरी. मूलबाळ नाही, बायको, चंद्राक्का, मागेच गेली. भोंगा बंद पडला काय नि वाजला काय, या गृहस्थाला चैन म्हणून नव्हतं. आमच्या ओट्यावर आले तरी बसायचे नाहीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा. "बसा की अण्णा" म्हटलं, तर म्हणायचे, "बूड टेकलं की इचार बी टेकतोय."

आणि विचार एकच: "पण कशावरनं?"

हा प्रश्न त्यांनी लोकांना विचारला असता, तर गल्लीनं त्यांना केव्हाच वाळीत टाकलं असतं. पण त्यांची सगळी उलटतपासणी स्वतःची. शनिवारी तेल आणू नये, असं आपण मानतो, कशावरनं? तर मुद्दाम शनिवारी तेल आणलं. काही झालं नाही. त्यावर खूश व्हावं की नाही? तर "एका शनवारात काय कळतंय?" म्हणून पुढच्या शनिवारी पुन्हा हजर! तेली घाबरला, अण्णा नाही. पटका आजवर उजवीकडून बांधला म्हणून महिनाभर डावीकडून बांधला. दर चार पावलांना सुटायचा. सात रस्त्याच्या चौकात जायचं तर रोज निराळ्या वाटेनं. एकदा न्हाव्याला म्हणाले, "आज डावा गाल आदी." न्हाव्याचा हात गोंधळला आणि अण्णा गालाला तुरटी चोळत आले. "लई मजा हाय. सवय त्याची, रगत माजं."

मला हसू यायचं. हिला यायचं नाही. ही म्हणायची, "एकटा माणूस आहे. घर खायला उठतं, म्हणून फिरतात."

मग भाद्रपदात अविधवा नवमी आली. चंद्राक्काच्या नावानं अण्णा दरवर्षी तिच्या आवडीचं पान कौलांवर ठेवायचे: शेंगापोळी, वर तुपाची धार. कावळाही दरवर्षी पान ठेवताच झडप घालायचा. गल्ली म्हणायची, "माउली तृप्त झाली." यंदाही तसंच झालं. पण दुसऱ्या दिवशी अण्णांनी त्याच जागी शिळी भाकरी ठेवली. तीही कावळ्यानं नेली.

अण्णा तसेच आमच्या ओट्यावर आले. येरझारा नेहमीपेक्षा जोरात.

"कावळा समदंच खातोय, कारकूनसाहेब. मग तिला शेंगापोळी आवडायची, कशावरनं?"

"अहो, तुम्हीच तर सांगता."

"मला आवडती. ती करायची, मी खायचो. ती माज्या मागनं जेवायची. तिच्या ताटात काय असायचं, मी कवा बगितलंच न्हाई. आता इचारू कुणाला?"

त्यांचा पटका सुटून खांद्यावर आला होता. मी धीर द्यायला म्हणालो, "करपलेली भाकरी आवडायची त्यांना. मी कितीदा तरी पाहिलंय खाताना."

अण्णा थांबले. "आवडायची, का उरायची?"

अण्णा माझ्याकडे बघत म्हणाले, "आमच्या वैनीला काय आवडतंय?"

"वांग्याचं भरीत!" मी ठोकून दिलं. आत पातेल्यावर झाकण जरा जोरात बसलं.

मग ही दाराशी आली. पदर सारखा करत म्हणाली, "अण्णा, चंद्राक्काला कोवळी चिंच आवडायची. मीठ लावून. विहिरीवर आम्ही दोघी खायचो. एक डोळा मिटून खायची आणि हसत सुटायची."

"चिंच? आमच्या घरात कवा दिसली न्हाई."

"घरी कशी आणणार? मूल नाही, आणि चिंच खाते म्हटल्यावर बायकांनी 'काय गं, दिवस गेले का?' म्हणून विचारलं असतं. मग तुम्हालाही आशा लागली असती. पदरात लपवून खायची."

अण्णा ओट्यावर बसले. एवढ्या वर्षांत प्रथमच. मग म्हणाले, "एक डोळा मिटून?"

"डावा," ही म्हणाली.

दुसऱ्या सकाळी कौलांवर पानात कोवळ्या चिंचा आणि मीठ. कावळा आला, मान वाकडी करून बघितलं आणि उडाला. दुसरा आला, तोही उडाला. गल्लीत कुजबुज सुरू झाली, की माउलीचं मन कशात तरी अडकलं. मी भिंतीवरून म्हणालो, "अण्णा, कावळा शिवत नाही हो."

अण्णा परसात उकिडवे बसले होते, गुडघ्यांना हातांची मिठी घालून. वर बघत होते.

"नगं शिवू दे," ते म्हणाले. "हे तिचं हाय. तिलाच ऱ्हाऊ दे."

मग शिडी लावून त्यांनी पानातली एक चिंच काढून आणली, मीठ लावलं आणि तोंडात टाकली. दात आंबले असावेत. डावा डोळा मिटला.

मी घरात आलो. ताट वाढलेलं होतं, त्यात वांग्याचं भरीत. पाटावर बसलो, पण घास उचलवेना. हिला म्हटलं, "तुला खरंच काय आवडतं गं?"

ही म्हणाली, "ओळखा. भोंगा व्हायला अजून अवकाश आहे."