तळपायाचं मत

मानवजातीची प्रगती डोक्यापासून नव्हे, तळपायापासून सुरू झाली. कोरियातल्या चुनचोन शहरात ती अजून फारशी वर सरकलेली नाही. इथे जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरतात आणि वर माणसं जेवतात, भांडतात, झोपतात. सोफाही घेतात (भारीतला घेतात), आणि खाली बसून त्याला पाठ टेकतात.

पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले प्यो देओक-सू अशाच एका पेचात सापडले. वरच्या मजल्यावरच्या खोलीत नळ्या टाकून झाल्या होत्या; त्यांच्यावर काय घालायचं हे ठरत नव्हतं. खोली आईची. ब्याऐंशी वर्षांची आई हिवाळ्यासाठी गावाहून येणार होती.

"चार दिवस बघते," तिने फोनवर बजावलं होतं, "नाही पटलं तर धाकट्याकडे बुसानला जाईन."

थोरल्याचं घर सोडून आई धाकट्याकडे गेली तर शेजारी काही बोलत नाहीत. फक्त "आई बऱ्या आहेत ना?" असं विचारतात. त्यापेक्षा मरण बरं.

प्योंनी रीतसर समिती नेमली. अध्यक्ष स्वतः, सदस्य पत्नी ओक-नाम, तांत्रिक सल्लागार बांग मिस्त्री. एकतीस रकान्यांचा तक्ता तयार झाला.

संगमरवर पहिल्याच बैठकीत बाद झाला. "साहेब, एवढा दगड वर चढवलात," मिस्त्री म्हणाला, "तर आईंची खोली आपसूक तळमजल्यावर येईल." जाड लाकडाची ऊब त्याच्या पोटातच राहते, वर येत नाही, अशी नोंद झाली. (यावर ओक-नाम नवऱ्याकडे बघत "ओळखीचं वाटतं" म्हणाल्या. हे इतिवृत्तात नाही.) गालिचा म्हणजे शेगडीला स्वेटर. जमिनीवर चिकटवायच्या, तेल पाजलेल्या जुन्या पद्धतीच्या कागदाचं नाव निघताच प्योंचे डोळे पाणावले.

"अहो, तेल कोण पाजणार?" ओक-नामनी विचारलं.

डोळे कोरडे झाले.

उरलेले तीन पातळ नमुने दिवाणखान्याच्या उबदार जमिनीवर मांडून प्रत्येकावर वीस मिनिटं आडवं व्हायचं आणि लेखी मत द्यायचं, असं ठरलं. नऊ चाचण्या झाल्या. झोपाही नऊच लागल्या. सर्वांत सखोल अभ्यास तांत्रिक सल्लागारांचा: तीन तास दहा मिनिटं, घोरण्यासह.

"एकदा आईंनाच विचारा की," ओक-नाम म्हणाल्या.

"तिला काय विचारायचं? तिचा जन्म जमिनीवर गेलाय!"

अखेर साडेसात मिलिमीटरची, थर चिकटवलेली लाकडी पट्टी बहुमताने मंजूर झाली (मिस्त्री झोपेत होता, त्याचा होकार धरला गेला).

आई आली. कठडा धरत, पायरीपायरीला थांबत वर चढली. खोलीत मधोमध उभी राहिली. प्यो तक्ता उघडून दारात उभे राहिले.

"ऊब छान आहे रे."

प्योंनी तक्त्यावर बरोबरची खूण केली. तक्त्यात एकतीस रकाने होते. 'वापरणाऱ्याचे गुडघे' हा त्यात नव्हता. वाचकांपैकीही कोणी अजून त्याबद्दल तक्रार केलेली नाही. मिलिमीटर मात्र सगळ्यांच्या लक्षात आहेत.

"बस ना, आई."

"बसेन रे, पण उठवणार कोण? गुडघे गेले माझे," आई म्हणाली. "एक पलंग आण. चांगला उंच बघ. मग राहते."