मॅडमच्या मासोळ्या आणि वरून तेल

"मॅडम, तुमी बिनधास्त जा! अख्ख्या अकोल्याचं पाणी सांभाळतो आपण, चार मासोळ्या काय चीज आहे?" असं छातीठोक सांगून पाणीपुरवठा कार्यालयातल्या धर्मेंद्रनं आपल्या साहेबीणबाईंची काचेची टाकी घरी आणली. मॅडम सुट्टीवर चालल्या होत्या. धर्मेंद्रची बायको सीमा अमरावतीच्या शाळेत मास्तरीण, हा इकडे अकोल्यात आईपाशी, आणि बदलीच्या अर्जावर सही मॅडमची! नाही म्हणतो कशाला?

दुसऱ्याच दिवशी पाण्यावर तेलकट तवंग! धर्मेंद्रचं धाबं दणाणलं. मोबाइलवर कुणीतरी सांगत होतं, वर कागद पसरा, तवंग टिपला जातो. यानं पेपर पसरला आणि आंघोळीला गेला. परत येतो तर पेपरचा लगदा, अन् मासोळ्या राशिभविष्य चघळत फिरताहेत!

मग त्यानं फिल्टरचं तोंड वर केलं. पाणी हललं की तवंग फुटतो म्हणे. तवंग तसाच राहिला, फवारा मात्र थेट विजेच्या बोर्डावर! घरात अंधार.

"काय करून राहिला रे?" आई दुर्गाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"काही नाही, तू जेव!"

शेवटी टिश्यू पेपर अलगद ठेवून उचलला, तेव्हा कुठं पाणी साफ झालं. पण जेवणं आटोपली की तवंग पुन्हा हजर! रोज हेच. बिचारा टिपून टिपून टेकीस आला.

मॅडम आल्या तेव्हा पाणी नुकतंच टिपलेलं, एकदम चकाचक.

"वा, धर्मेंद्र!"

"मॅडम, तो अर्ज तेवढा..."

इतक्यात दुर्गाबाई वाटी घेऊन आल्या. "थांबा बाई, लेकरं उपाशी नका नेऊ!" त्यांनी गोळाभाताची शितं टाकीत सोडली आणि वरून चमचाभर फोडणीचं गार तेल!

"आई! हे काय करून राहिली?"

"रोजच करतो मी! घरी आलेल्याले तेलाबिगर कोरडा गोळाभात वाढू काय?"

धर्मेंद्रनं घाईघाईनं टिश्यू पेपर ओढला. मॅडम टाकीवर वाकल्या. मासोळ्या भातावर तुटून पडल्या होत्या.

"अहो, माझ्याकडे तर या दाण्याला तोंड लावत नव्हत्या!" मॅडम म्हणाल्या. "टाकी इथंच राहू द्या. आईंच्या हातचंच खाऊ द्या त्यांना."

"आणि माझी बदली?"

"तुम्ही गेलात तर आईही जातील ना!" मॅडमनी पर्समधून पेन काढलं.

संध्याकाळी सीमाचा फोन आला. "झाली काय जी मॅडमची सही?"

"झाली," धर्मेंद्र म्हणाला, "नामंजुरीवर."