वानखेडेकाकांनी घातलेली भिंत

वानखेडेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला गाल लावतात, मग माणसांकडे बघतात. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा माझी आई चहाचा ट्रे घेऊन जागच्या जागी थिजली. "तापलीय. विटेची दिसते," असं निदान करून काकांनी खुर्ची घेतली.

सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन काका गाझियाबादला आमच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. तेव्हापासून आमच्या इमारतीत जड वस्तू आणायची सोय राहिली नाही. मी लोखंडी कपाट आणलं, तर जिन्यात अडवून म्हणाले, "स्लॅबला विचारलंत?" शेजारच्या गुप्ताजींनी बाल्कनीत कुंड्या मांडल्या, त्यांनाही तेच, हिंदीतून.

असा हा माणूस. आणि एका सकाळी लिफ्टमधून त्यांच्याच घरी सिमेंटचे ब्लॉक चढताना पाहून मी चाटच पडलो. बिल्डरने दिलेलं उघडं स्वयंपाकघर काका भिंत घालून बंद करत होते, आणि तेही माझ्या डोक्यावर! तणतणत वर गेलो आणि स्लॅबला विचारलं का, म्हणून त्यांनाच विचारलं.

काकांनी एक ब्लॉक सरळ माझ्या हातात ठेवला. मी कंबर सावरून उभा, तर तो वाटला होता त्याच्या निम्माही जड नव्हता. आत नुसती हवा असते, काका म्हणाले. म्हणून वजन कमी, ऊन आत शिरत नाही, आणि आग लागलीच तर पलीकडे पोचायला तिला फार वेळ लागतो.

"आग कशाला लागेल, काका?"

काकू हल्ली गॅस बंद करायला विसरतात, हे मला तेव्हा कळलं. एकदा तर पडदा पेटला होता. पुण्याहून मुलीचा हुकूम होता, आईला ओट्यापाशी जाऊ देऊ नका, डबा लावा. काकूंना आताशा माणसांची नावंही आठवत नाहीत, पण भाकरी अजून गोल होते. तेवढंही काढून घ्यायला काका बिल्कुल तयार नव्हते.

भिंत झाली, लोखंडी दार बसलं. परवा वर गेलो आणि ते दार ढकललं, तर आत काकू भाकरी थापत होत्या आणि शेजारी स्टुलावर काका पेपर वाचत बसलेले.

"काका, आग अडवायला भिंत घातलीत ना? मग तुम्ही आत का बसलात?"

"भिंत तुमच्या सगळ्यांसाठी आहे," काका म्हणाले. "मी हिच्यासोबत आहे."