बिबीजानच्या डोक्याचा गंज

डाळ पुन्हा अळणी लागली, तेव्हा फारुकभाईंची खात्रीच पटली की बिबीजानच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय. आधी एकदा दूध उतू गेलं होतं. मग लाटणं फ्रीजमध्ये सापडलं. त्या वेळी दोघंही हसले होते, पण अळणी डाळीपुढं फारुकभाईंना हसू येईना.

निमगाव केतकीत त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. सगळा जन्म बेअरिंग आणि ग्रीसमध्ये गेलेला. त्यामुळं आठवडी बाजारात जडीबुटीवाला भोंग्यावरून सांगत होता ते त्यांना चटकन पटलं. हवेनं लोखंड गंजतं, तसं वय झालं की शरीरात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस होतो आणि मेंदू गंजायला लागतो, असं तो म्हणत होता. त्याच्यामागं मेंदूचं मोठं चित्र टांगलं होतं, अर्धं गुलाबी, अर्धं तांबूस. ते तांबूस बघून फारुकभाईंना पावसात राहिलेला नांगर आठवला. ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा आणि वर एक ‘गुप्त मुळी’ असं चूर्ण घेऊन ते घरी आले.

“माझं डोकं म्हंजी काय तुमच्या दुकानातलं बेरिंग हाय व्हय?” बिबीजान म्हणाली.

पण नवरा स्वतःच्या हातानं दूध गरम करून देतोय, ही गोष्ट तिला नवी होती. तिनं नाक मुरडलं आणि पेला रिकामा केला. मग सकाळ-संध्याकाळ तेच सुरू झालं. औषध लागू पडतंय का हे बघायला फारुकभाई रोज तिची परीक्षाही घेऊ लागले. काल कोण आलं होतं, परवा कसली भाजी होती. सुरुवातीला ती धडाधड उत्तरं द्यायची. पुढं पुढं उत्तर देता देता तिचे डोळे मिटायला लागले. उठताना गरगरतं, असंही ती एकदा म्हणाली. फारुकभाईंनी जडीबुटीवाल्याला फोन लावला. गंज निघताना मेंदू विश्रांती मागतो, काळजी करू नका, असं त्यानं सांगितलं. फारुकभाईंनी काळजी सोडली आणि चमचा मोठा घेतला.

अशातच नातीची, सुहानाची, मंगनी ठरली. बारामतीत, त्यांच्या मुलीच्या, साजियाच्या घरी. मुलगा पणदऱ्याचा, अमन नावाचा. त्याचे वडील फिरोजभाई यांचा दुधाचा मोठा धंदा. कुठल्याही कार्याला फारुकभाई दारात उभे राहायचे आणि बिबीजान त्यांच्या मागं. येणाऱ्याचं नाव ती हळूच सांगायची आणि फारुकभाई हात पसरून पुढं व्हायचे. त्यांच्या दांडग्या ओळखीचं सगळ्या पाहुण्यांत कौतुक होतं. मंगनीच्या दिवशी मात्र बिबीजान आतल्या खुर्चीत पेंगत होती.

पांढऱ्या कपड्यांतला एक जाडजूड माणूस हातात मिठाईची टोपली घेऊन आत आला. फारुकभाईंनी मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

“आता येतोय व्हय?” ते म्हणाले. “बिर्याणीची हंडी कुठं हाय? आन् म्होरच्या दारानं कशाला आलास, आचाऱ्यांनी मागनं यायचं.”

फिरोजभाई टोपली घेऊन तसेच उभे राहिले. त्यांच्यामागची बायकामाणसं उंबऱ्यातच थबकली. साजियानं कपाळाला हात लावला. गडबड ऐकून बिबीजान जागी झाली. “अवो, व्याही हायेत ते,” असं म्हणत घाईनं उठली आणि उठता उठता खाली कोसळली.

पुढं कुणी मानपान बघितला नाही. फिरोजभाईंनीच तिला उचलून आपल्या गाडीत घातलं. दवाखान्यात नर्सनं विचारलं, आजींना कुठल्या गोळ्या चालू आहेत. फारुकभाईंना सांगता येईना. कशाची ॲलर्जी आहे का, तेही माहीत नव्हतं. वय विचारलं तर त्यांनी साजियाकडं पाहिलं. सगळी उत्तरं साजियानंच दिली.

सलाइन चढल्यावर बिबीजाननं डोळे उघडले. फारुकभाईंच्या खिशातली चूर्णाची पुडी डॉक्टरांनी हातात घेऊन उलटीपालटी केली. आत काय काय आहे, हे पुडीवर कुठंच लिहिलेलं नव्हतं. ब्राह्मी-अश्वगंधेशी आपलं भांडण नाही, पण आजींच्या प्रेशरच्या गोळीवर असलं काहीतरी न विचारता दिलं की गुंगी येते, प्रेशर खाली जातं, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, दिलंत तरी कशासाठी.

“डाळीत मीठ घालायची इसरत व्हती,” फारुकभाई म्हणाले.

“इसरत न्हवते,” बिबीजान खाटेवरून म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. “तुमचं प्रेशर वाढलं तवा डाक्टरनं तुमाला मीठ बंद करायला सांगितलंय. माझ्यासमोर व्हय म्हनला व्हता तुमी.”

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. फारुकभाईंनी टोपी काढली, पुन्हा घातली. बाहेर बाकावर फिरोजभाई बसले होते. फारुकभाईंनी त्यांच्यापुढं जाऊन हात जोडले.

“ऱ्हाऊ द्या, चाचा,” फिरोजभाई म्हणाले. “मंगनी काय, चाची बरी झाली की करू. आदी आत जाऊन बसा.”

फारुकभाई खाटेशेजारी जाऊन बसले. इतक्या दिवसांत तिला हजार प्रश्न विचारले, पण तिच्याबद्दलचा एकही विचारला नव्हता. चक्कर येते म्हणाली होती, तेही त्यांनी औषधाच्या गुणात धरलं होतं. तिच्या हाताला सुई टोचली होती तिथं निळं पडलं होतं. त्यांना तिकडं बघवेना.

“काय खावंसं वाटतंय का तुला?” त्यांनी विचारलं.

तिनं मान त्यांच्याकडं वळवली. “पेरू. कच्चा, कडक. तुमी आनता तसला पिकल्याला नगं. कवाच आवडला न्हाय मला.”

इतकी वर्षं ते पिकलेलेच पेरू निवडून आणत होते. ते लगेच उठले. आता हे तरी विसरायचं नाही म्हणून जिन्यापासूनच पुटपुटायला लागले, कच्चा, कडक, कच्चा, कडक. फाटकात एका माणसानं सलाम केला, काय हवंय, मी आणतो, असंही म्हणाला. फारुकभाईंनी मान वर केली नाही. बोललो तर पेरू डोक्यातून जाईल, ही भीती. त्या माणसाला कोपरानं दूर सारून ते फळांच्या गाड्याकडं निघाले.

कोपर खाल्लेल्या फिरोजभाईंनी आणखी बाजूला होऊन त्यांना वाट करून दिली.