शुक्र उच्चीचा, तापमान चारशे साठ

शेजाऱ्याच्या घरात काय चाललं आहे हे कळल्याखेरीज माणसाला अन्न गोड लागत नाही. शेजाऱ्याने पडदा लावला की ही जिज्ञासा दुप्पट होते, आणि पडदा कायमचाच असला तर तिला विज्ञान म्हणतात. शुक्र हा आपला शेजारी. त्याने अंगाभोवती ढग असे काही लपेटून घेतले आहेत की इथून फक्त त्याचं पांढरंशुभ्र तेज दिसतं. हजारो वर्षं लोकांनी त्या तेजावर समाधान मानलं. प्रगत देशांना मात्र ते सहन होईना. त्यांनी यानं पाठवली, ढगांच्या आरपार जाणारं रडार लावलं आणि शेजाऱ्याच्या घराचा जवळजवळ प्रत्येक कोपरा नकाशावर आणला. या सगळ्याचा डोंबिवली पूर्वेच्या दर्शनाच्या लग्नाशी काडीचाही संबंध नव्हता. तो तिच्या वडिलांनी जोडला.

दर्शनाचे वडील पोपटराव हे रंगाच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्त माणसाचं घरात कोणी ऐकून घेत नाही, म्हणून तो समाजाला ऐकवतो. (याला प्रबोधन म्हणतात.) पोपटरावांचा पत्रिकेवर विश्वास नव्हता. दर्शनाची पत्रिका त्यांनी केवळ बायकोच्या, रतनच्या, समाधानासाठी काढली होती आणि केवळ लोकांच्या समाधानासाठी वधूवर मंडळात दिली होती. तिच्यात कन्या लग्न आणि सप्तमात मीनेचा शुक्र निघाला, म्हणजे उच्चीचा. याला मालव्य योग म्हणतात हे पोपटराव सगळ्यांना सांगत, पण विश्वास न ठेवता सांगत.

शुभसंकेत वधूवर सूचक मंडळाच्या संचालिका नंदाताई यांनी दर्शनाच्या माहितीपत्रकात फोटोच्या वर 'शुक्र उच्चीचा' अशी ठळक ओळ टाकली. त्या ओळीवर कोलशेतचं स्थळ आलं. मुलगा सर्वेश, नोकरी चांगली, घर तेविसाव्या मजल्यावर, खिडकीतून खाडी दिसते. दर्शना माजिवड्याला एका ऑफिसात कामाला होती. ऑफिस सुटल्यावर दोघं तलावपाळीवर भेटायला लागली. सुरुवातीला 'एकमेकांना समजून घ्यायला' भेटत. नंतर भेटायला कारण लागेनासं झालं. सर्वेशच्या घरी शेवटचा शब्द त्याच्या आत्यांचा, केशरबाईंचा. त्यांनी शुक्र पाहिला आणि मुलगी न बघताच पसंत केली.

साखरपुड्याची तारीख ठरायच्या बेतात होती, तेवढ्यात मंडळाचा वार्षिक मेळावा आला. प्रमुख पाहुणे वाटेत होते. (ते अजूनही वाटेत आहेत.) सभागृह भरलेलं, मुलामुलींनी एकमेकांना चोरून बघून घेतलेलं, अल्पोपाहाराला अवकाश. नंदाताईंनी पोपटरावांना गळ घातली, "काका, तुम्ही बोला ना काहीतरी सायन्सचं. अर्धा तास काढा फक्त." अंधश्रद्धेवर तिच्या माहेरी जाऊनच घाव घालायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती. पोपटरावांनी लगेच पेनड्राइव्ह काढला. तो त्यांच्या खिशात कायमच असे.

त्यांचा विषय होता 'शुक्र : समज आणि वास्तव'. लोक ज्याच्या तेजाला भुलतात त्याच्या ढगांखाली काय आहे, ते त्यांनी पडद्यावर दाखवलं. पृष्ठभागाचं तापमान चारशे साठ अंशांच्या आसपास. (सभागृहात हळहळ.) हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वद पट. ढग गंधकाम्लाचे. (कारखान्यांच्या बाजूला राहणाऱ्या श्रोत्यांनी यावर विशेष आश्चर्य दाखवलं नाही.) बहुतेक ग्रह ज्या दिशेने फिरतात त्याच्या उलट दिशेने हा फिरतो. उतरलेल्या यानांपैकी सर्वांत चिवट यानही दोन तासांच्या वर फारसं टिकलं नाही. आणि तीस वर्षांपूर्वीची रडारची चित्रं शास्त्रज्ञांनी अलीकडे पुन्हा तपासली, तर तिथला ज्वालामुखी जागा असल्याचं आढळलं. शुक्रावरच्या डोंगर-दऱ्यांना जगभरच्या स्त्रियांची नावं दिलेली आहेत. अपवादांत एक पर्वत पुरुषाच्या नावाचा, आणि तो सगळ्यांत उंच, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. त्यावर ज्येष्ठ सभासदांनी टाळ्या वाजवल्या.

"तेव्हा मित्रहो," पोपटराव शेवटी म्हणाले, "ज्या शुक्राच्या भरवशावर तुम्ही मुलाबाळांची लग्नं ठरवता, तो आतून असा आहे. विचार करा!"

लोकांनी विचार केला. चूक झाली ती इथेच. पोपटरावांना वाटलं होतं, हे ऐकून लोक पत्रिका फेकून देतील. लोकांनी पत्रिका अद्ययावत केली.

आठवडा उलटायच्या आत मंडळाने परिपत्रक काढलं. भाषा अशी : 'अंतराळयानांद्वारे प्राप्त झालेल्या निरीक्षणांच्या अनुषंगाने सर्व पालकांस कळविण्यात येते की, यापुढे वधूच्या पत्रिकेतील शुक्राचे बाह्य तेज हे आंतरिक स्थितीचे निदर्शक मानण्यात येऊ नये. शुक्र जितका बलवान, तितकी उष्णता, दाब व उलट फिरण्याची प्रवृत्ती अधिक समजावी. वरांच्या शुक्रास सदर निकष लागू नाहीत, कारण वरांच्या बाबतीत आत डोकावण्याची पद्धत नाही.' परिणाम तत्काळ दिसला. उच्चीच्या शुक्राच्या मुलींना येणारी स्थळं शंभर टक्क्यांनी घटली. शुक्र नीचीचा म्हणून वर्षानुवर्षं ताटकळलेल्या मुलींच्या आयांनी पेढे वाटले. विज्ञानाने त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी चांगलं केलं होतं.

केशरआत्या स्वतः डोंबिवलीला आल्या. रागावलेल्या मुळीच नव्हत्या, उलट पोपटरावांसाठी शाल घेऊन आल्या होत्या.

"पोपटराव, डोळे उघडलेत हो तुम्ही आमचे," शाल घालून झाल्यावर त्या म्हणाल्या. "नाहीतर आम्ही आपले फसलेलोच होतो."

"अहो आत्या, मी पत्रिकेच्या विरुद्ध बोलत होतो."

"तेच म्हणते मी. दर्शनाच्या पत्रिकेच्या विरुद्धच गेलं ना सगळं? साध्या शुक्राला चारशे साठ. हिचा तर उच्चीचा. म्हणजे किती धरायचे?"

"ते तसं नसतं..."

"आणि तो ज्वालामुखी. तीस वर्षं कुणाला पत्ता नाही, आणि मग एकदम! आज मुलगी गोड बोलते हो, पण सर्वेश साठीला आला की?"

पोपटरावांनी समजवायचा प्रयत्न केला. पण समजावणार काय? आकडे त्यांचे, चित्रं त्यांची, पेनड्राइव्हही त्यांचा. रतनने स्वयंपाकघरातून नवऱ्याकडे जो कटाक्ष टाकला त्याचं तापमान कोणत्याही यानाने मोजलेलं नाही.

केशरआत्या तोडून टाकणाऱ्यांतल्या मात्र नव्हत्या. "आम्ही नाही म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण परदेशी यानावर डोळे झाकून किती विश्वास ठेवायचा? आपलंही यान जाणार आहे ना शुक्रावर? ते जाऊन येऊ दे. मग बघू."

"ते परत येत नसतं आत्या. नुसती माहिती पाठवतं."

"मग माहिती येऊ दे. आम्हाला घाई नाही."

अशा रीतीने दर्शनाचं लग्न देशाच्या अंतराळ कार्यक्रमाशी जोडलं गेलं. हा मान यापूर्वी डोंबिवलीतल्या कुठल्याही मुलीला मिळालेला नव्हता. दरम्यान स्थानिक पातळीवर निरीक्षणं सुरू झाली. सर्वेशची एक मावशी दर्शनाच्या सोसायटीभोवती फेऱ्या मारून वॉचमन, इस्त्रीवाला आणि तळमजल्यावरच्या बायका यांच्याकडून माहिती गोळा करून गेली. दुसरी प्रत्यक्ष घरात उतरली. मे महिना होता आणि वीज गेलेली होती. तासाभरात तिचं निरीक्षण संपलं. जाताना ती 'आत फार उष्णता आहे' एवढंच सांगू शकली. या वाक्याची कोलशेतला गंभीर दखल घेण्यात आली.

दर्शनाने सर्वेशला तलावपाळीवर गाठून सरळ विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

"माझं काय असणार? मला तू आवडतेस," सर्वेश म्हणाला. "मी बोललेलो आत्याला. ती बोलते, रिपोर्ट येऊ दे. आता घरी उगाच टेन्शन कशाला ना यार?"

"रिपोर्ट यायला वर्षं लागतील, सर्वेश."

"हां, पण मग एकदम क्लिअर होऊन जाईल ना सगळं."

ती घरी आली आणि न जेवता झोपली. पोपटरावांना फार वाईट वाटलं. आपण उभ्या आयुष्यात एकच व्याख्यान मन लावून दिलं आणि ते नेमकं आपल्याच लेकीला भोवलं, हे त्यांना गिळता येईना. त्यांनी ठरवलं की आता कोलशेतला जायचं, आणि सगळ्यांसमोर ठणकावून सांगायचं : पत्रिका हे थोतांड आहे, माझ्या मुलीत काही दोष नाही, लग्न करायचं तर करा, नाहीतर राहू द्या. ही तीन वाक्यं त्यांनी आंघोळ करताना म्हणून पाहिली. चांगली जमत होती.

रविवारी ते रतनला आणि दर्शनाला घेऊन कोलशेतला गेले. चहा आला, पोहे आले. पोपटरावांनी घसा साफ केला. पण बोलायची सुरुवात केशरआत्यांनीच केली.

"आमच्या सर्वेशची पत्रिका म्हणजे सोनं हो. कर्केचा गुरू, उच्चीचा! असा गुरू शोधून सापडायचा नाही. म्हणून तर जपावं लागतं."

पोपटरावांच्या ओठांवर ती तीन वाक्यं अगदी आली होती. पण 'गुरू' हा शब्द कानावर पडला आणि त्यांच्यातला व्याख्याता जागा झाला.

"गुरू?" ते म्हणाले. "गुरूला तर पृष्ठभागच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे जमीनच नाही. शुक्र तापलेला असेल, पण निदान पाय टेकायला दगड तरी आहे. गुरू म्हणजे नुसता वायू. एक यान त्याच्यात सोडलेलं. खाली जात राहिलं, जात राहिलं, शेवटी दाबाने चेचून गेलं बिचारं. उभं राहायला जागा म्हणून नाही."

दर्शनाने एकदा सर्वेशकडे पाहिलं. सर्वेश मोबाईलकडे बघत होता.

"आणि एक वादळ आहे त्याच्यावर," पोपटरावांना आता चव आली होती. "पृथ्वीहून मोठं. शेकडो वर्षं चालू आहे, अजून शमलेलं नाही. आणि भोवती नव्वदच्या वर चंद्र."

"नव्वद?" केशरआत्यांनी भाच्याकडे संशयाने पाहिलं. सर्वेशने मोबाईल घाईघाईने पालथा ठेवला.

केशरआत्यांनी हिशेब मांडला.

"म्हणजे दोष आहे तर."

"आहे," पोपटराव म्हणाले.

"दोघांतही?"

"दोघांतही. तोडीस तोड."

"अहो, मग जुळतंय की!" केशरआत्या एकदम खुलल्या. "मंगळाला मंगळ चालतो, तसं हे. विनिता, साखर आण गं!" सर्वेशच्या आई, विनिता, साखर आणायला आत गेल्या. त्या दिवशी त्या हॉलमध्ये बसलेल्या होत्या हे अनेकांना तेव्हा कळलं.

आपण विज्ञानाच्या जोरावर लेकीचं लग्न वाचवलं, या आनंदात पोपटराव परतीच्या वाटेला लागले. माजिवड्याला रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली. चालकालाही त्यांनी गुरूबद्दल थोडं सांगितलं. दर्शना बाहेर बघत होती.

"पप्पा," ती म्हणाली, "सर्वेशमध्ये काय काय खोट आहे ते तुम्ही सगळं सांगितलंत. माझ्यात खोट नाही, एवढंच तेवढं राहिलं."

"अगं, पण जुळलं ना!" पोपटराव म्हणाले. तेवढ्यात रिक्षा सुटली.

पुढचं सगळं सुरळीत झालं. हॉल मिळाला, पत्रिका छापल्या, मुहूर्त गोरज निघाला. पोपटराव आता मंडळाचे मानद अंतराळ सल्लागार आहेत. दर रविवारी पालक रांगेने बसतात. शनीची कडी बहुतांशी बर्फाची निघाल्यामुळे साडेसातीत कान झाकून फिरावं, हा त्यांचा सल्ला कल्याणपर्यंत मानला जातो. अर्थात त्यांचा पत्रिकेवर विश्वास नाही. तसा फलकच त्यांनी टेबलावर ठेवलेला आहे.

राहता राहिले आपण, सुबुद्ध वाचक. आपण केशरआत्यांना हसलात, पोपटरावांना हसलात, ते योग्यच झालं. पण साखर वाटली गेली तेव्हा 'चला, सुटली बिचारी' म्हणून आपल्यालाही हायसं वाटलं. त्या पालथ्या मोबाईलवाल्या मुलाशी दर्शनाला अजून लग्न करायचं आहे का, हे तिला केशरआत्यांनी विचारलं नाही, आईबापांनी विचारलं नाही. आपण तर इतके जवळून बघत होतात. आपल्याही मनात ते विचारायचं आलं नाही. लग्न येत्या गुरुवारी आहे, जेवायला अगत्य यावं.